उपास लिहिलेला फ्लास्क

माझा स्वभाव मुळातला तिरसट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी 'एवढं काय चिडायचं त्यात' असं म्हणायला नको. वरळीच्या बीडीडी चाळीत, एका खोलीत आठ माणसांत वाढलो. गोड स्वभावाचे लाड करायला तिथे जागाच नव्हती. आय म्हणायची, हा पोटातनंच भांडत आलाय. या तिरसटपणापायी मी आयुष्यात बरीच माणसं तोडली. एका बाईने मात्र मला तोडू दिलं नाही. आज मी निवृत्त, गुडघे धरलेला, पण नावामागे डॉक्टर लागलेला असा जो काही आहे, तो बराचसा तिच्यामुळे. तिला मी मावशी म्हणायचो. सगळेच म्हणायचे.

आमची प्रयोगशाळा परळला, एका जुन्या इमारतीत होती. एम.एस्सी. झाल्यावर तिथल्या एका सरांच्या हाताखाली मला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. एका वर्षाची. वर्षअखेरीला काम बघून कमिटी ती वाढवायची की नाही ते ठरवणार. आमच्या चाळीतला मी पहिला एम.एस्सी. बा गिरणीत साच्यावर होता. साचा म्हणजे माग. गिरणगावात कुणी माग म्हणत नाही. शिष्यवृत्ती वाढली नाही तर बाच्या ओळखीने गिरणीत बदली कामगार म्हणून उभं राहायचं, हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. मला साच्यावर जायचं नव्हतं. बालाही मला तिथे बघायचं नव्हतं, पण तो ते तोंडाने कधी म्हणाला नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. लालबागपासून दादरपर्यंत एक भिंत कोरी नव्हती, सगळीकडे 'झालाच पाहिजे'. आमच्या प्रयोगशाळेच्या कुंपणावरही कुणी गेरूने लिहून गेलं होतं, आणि हेडक्लार्क ते रोज पुसायला लावायचा आणि रोज सकाळी ते परत तिथेच असायचं. बा त्या चळवळीत गळ्यापर्यंत बुडालेला. दिवाळीनंतर सीमाभागात सत्याग्रहाला जी तुकडी गेली तिच्यात तो गेला, आणि तिकडेच तीन महिने तुरुंगात बसला. त्याचा आम्हाला अभिमान होता. पण अभिमानाने चूल पेटत नाही, आणि माझी शिष्यवृत्ती तर यायची तेव्हा यायची. घरात धाकटी चार. सकाळी आय भाकऱ्या थापायची त्या मोजक्याच असायच्या, म्हणून मी डबा न घेता निघायचो. कॅन्टीन आहे म्हणून सांगायचो. वरळीहून परळपर्यंत चालत.

कॅन्टीन होती, पण माझ्यासाठी नव्हती. दुपारी सगळे डबे उघडून बसले की कुणीतरी विचारणारच, तुझा डबा? पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून निघून गेलं, आज उपास आहे. झालं. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न आणि तेच उत्तर. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी नवा धम्म आला होता, देव्हारा उतरवून झाला होता, आयने सगळे उपासतापास सोडले होते. आणि इकडे परळात मी आठवडाभराचे देव एकटा सांभाळत होतो. बाला कळलं असतं तर त्याने तुरुंगातून येऊन मला बडवला असता. पण भूक लागलीय असं सांगून कुणाच्या डब्यातला घास घ्यायचा? छे. माझ्याच्याने ते झालं नसतं.

मावशी मीडिया रूममध्ये काम करायची. मीडिया म्हणजे जिवाणूंचं खाणं. क्षार, साखर, जे काही लागेल ते मापाने पाण्यात घालायचं, फ्लास्कात भरायचं, कापसाचा बोळा मारायचा आणि वाफेवर निर्जंतुक करायचं. बाई मूळची मालवणकडची, राहायची लालबागला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आधी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सुताच्या कांड्या भरायला होती. बायकांना कमी करायला लागले तेव्हा तीही कमी झाली आणि इथे हंगामी म्हणून लागली. कापसाचे बोळे असे बनवायची की सर परदेशी पाहुण्यांना हातात घेऊन दाखवायचे. फ्लास्कमधून काढताना 'पुक' असा आवाज झाला तरच तो बोळा तिच्या मते पास. पण एकदा वाफेच्या यंत्राची झडप तिच्याकडून लवकर उघडली गेली, बरीच काच फुटली. तेव्हापासून हेडक्लार्कने तिला बजावलं होतं, आणखी एक चूक झाली की घरी.

पहिल्या भेटीत तिने मला गाव विचारलं होतं. मी म्हटलं, मुंबई. ती म्हणाली, मुंबई कुणाचंच गाव नसतं. मी म्हटलं, माझं आहे. तिला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. चांगला महिनाभर मी तिच्याशी कामापुरतं बोललो.

माझ्या उपासांच्या दुसऱ्या आठवड्यात ती एका दुपारी माझ्या टेबलाशी आली आणि कागदावर उकडलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवून गेली. वर मीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी तोंड वाकडं केलं. तेव्हा तिने रोखठोक सांगितलं, वरच्या मजल्यावर बुरशी वाढवतात, तिला बटाट्याचं पाणी लागतं. बटाटे उकडून पाणी गाळून घेते, फोडी फेकायच्याच असतात. उपासाला बटाटा चालतो, खा गुमान. फेकायच्याच आहेत म्हटल्यावर माझ्या मानाला धक्का लागायचं कारण नव्हतं. मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. मग रोजच. मी तिला एकदाही बरं वाटलं असं म्हणालो नाही. फेकायचं ते खातो, त्यात उपकार कसले, असा माझा हिशेब.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. आमचा जिवाणू माणसाच्या आतड्यात राहणारा, अगदी साधा. त्याची एक जात अशी होती की तिला एक अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नसे, ते वरून द्यावं लागे. दिलं की वाढ धडाक्यात. तेवढं एक काढून घेतलं, बाकी साखर-क्षार कितीही असले, तरी प्रथिनं बनायची थांबत. हे सरळ आहे, पीठ नाही तर भाकरी नाही. पण त्याबरोबर आरएनए बनायचाही थांबे, आणि हे सरळ नाही. आरएनए बनवायला ते अमिनो आम्ल लागतच नाही. त्याचा सगळा माल घरात पडलेला असतो, तरी काम बंद. त्याला थांब म्हणून सांगतं कोण? सरांना हे हवं होतं. ते म्हणत, थांबवणारा शोधायचा तर न थांबणारा आधी पकड. अशी एखादी जात, की जी अमिनो आम्ल संपलं तरी आरएनए बनवतच राहते. परदेशात तशी सापडल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. इथे सापडली तर शिष्यवृत्तीची चिंता नको, असंही ते म्हणाले होते.

पेशीतला बहुतेक आरएनए प्रथिनांचा मजकूर वाहत नाही, हे आज कॉलेजातली पोरंही सांगतात. नॉनकोडिंग म्हणतात त्याला. तो स्वतःच प्रथिनं विणणाऱ्या यंत्राचा सांगाडा असतो, नाहीतर त्या यंत्राला माल आणून देणारा वाहक. तेव्हा यातलं फारसं काही कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त मोजत होतो. दर दहा मिनिटांनी फ्लास्कातून थोडे जिवाणू काढायचे, गार आम्लात टाकायचे, गरगर फिरवून तळाला बसवायचे, धुवायचे. मग ऑर्सिनॉल नावाचं रसायन घालून नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. आरएनए असेल तितका हिरवा रंग चढतो. नळ्यांची रांग लावली की डोळ्यांनाच दिसायचं, रंग वाढतोय की आहे तिथेच आहे.

मावशीला इंग्रजी येत नव्हतं. मराठी ती गिरणीतल्या प्रौढांच्या वर्गात शिकली होती. म्हणून माझ्या फ्लास्कांवर मी मराठीत लिहून द्यायचो. अमिनो आम्ल घालायचं त्यावर 'जेवण' आणि घालायचं नाही त्यावर 'उपास'. माझ्या या हुशारीवर मी फार खूश होतो.

दोन महिने मी एकामागून एक जाती तपासल्या. सगळ्या थांबायच्या. उपासाच्या फ्लास्कातून काढलेल्या नळ्या पहिलीपासून शेवटच्या नळीपर्यंत एकाच फिकट हिरव्या रंगाच्या. मी वैतागून मावशीसमोर बडबडायचो, मेले बसलेत उपासाला, एक हलेल तर शपथ. ती बोळे वळता वळता ऐकायची. एकदा फ्लास्ककडे बघून मूठ वर करून म्हणाली, झालाच पाहिजे. मला हसू आलं नाही. कमिटी महिन्यावर आली होती.

आणि मग एका बुधवारी रंग चढला. पहिली नळी फिकट, दुसरी जरा गडद, पाचवी चांगली गवतासारखी. मी परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. सर गिरगावचे, शिस्तीचे, आवाज न चढवणारे. त्यांनीही नळ्या उजेडात धरल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी विचारलं, वाढ मोजलीस का, प्रथिनं मोजलीस का. मी म्हटलं, मोजतोय. खरं म्हणजे मोजली होती. फ्लास्कातला गढूळपणाही थोडा वाढलेला दिसला होता, जो वाढायला नको होता. पण यंत्राचा दिवा फडफडतोय अशी मी माझीच समजूत घातली. मला हवं ते सापडलं होतं, आणि त्यात मिठाचा खडा टाकायला मी कुणाला येऊ देणार नव्हतो, स्वतःलासुद्धा.

सर कमिटीला पत्र लिहायला बसले. पण पत्र देण्याआधी त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली. आपली साधी, नेहमी थांबणारी जात याच उपासाच्या पाण्यात हिच्या शेजारी लावून दाखव, म्हणजे कमिटीत कुणी बोट ठेवायला नको. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी केलं, आणि साध्या जातीच्याही नळ्या हिरव्यागार झाल्या.

जात थांबत नाही असं नव्हतंच. उपास उपासच नव्हता. त्या पाण्यात काहीतरी खायला होतं. आणि ते पाणी एकाच हातातून येत होतं.

मी मीडिया रूममध्ये गेलो तो भांडायच्या तयारीनेच. मावशी स्टुलावर बसून कापूस पिंजत होती. उपासाच्या फ्लास्कात काय घालता म्हणून मी विचारलं. ती बिचकली नाही की तिने काही लपवलं नाही. म्हणाली, बटाट्याचं पाणी, चमचाभर. कधीपासून? आठवडा झाला. का? तर तू रोज रडत होतास, काही वाढत नाही, हलत नाही. वर बुरशी रुसली की तिलाही तेच देतात. मी ओरडायला लागलो. काय काय बोललो ते आता सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहायची लाज वाटते. अडाणी म्हणालो, एवढं लक्षात आहे. माझं वर्ष बुडवलंत म्हणालो. आत्ता जाऊन सरांना सांगतो म्हणालो, म्हणजे काय होईल ते मला माहीत असूनही.

तिने कापूस मांडीवरून खाली ठेवला.

"उपाशी ठेवायचं होतं, तर उपाशी लिहायचं रे झिला. तू उपास लिहिलंस. उपासाला बटाटा चालतो."

मी तणतणलो, उपास काय आणि उपाशी काय, एकच.

"तुझं एकच होतं. म्हणून तर दोघांना बटाटा दिला."

दोन महिने मी जे लपवत होतो ते या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्यात आता उपास नसतात हेही तिला माहीत होतं; लालबाग-परळात कोण कुठल्या चाळीतून येतं, कुणी कुठला देव उतरवला, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. माझी सगळी ऐट तिने उघडी न पाडता तशीच राहू दिली होती आणि रोज त्या ऐटीसमोर कागदावर बटाटे ठेवले होते. मला रडू आलं. रागाचं होतं की लाजेचं, मला अजून सांगता येणार नाही.

मी सरांच्या खोलीकडे निघालो. जिना चढताना माझ्या डोक्यात दोनच वाक्यं होती. एक खरं होतं आणि सोपं होतं: मीडियात चूक झाली. ते म्हटलं की माझं काम बुडालं तरी दोष माझा नाही, कमिटी मला कदाचित आणखी सहा महिने देईल, आणि मावशी संध्याकाळी घरी. दुसरं वाक्यही खरंच होतं, पण ते म्हटलं की मी साच्यावर. सरांच्या दारात पोचेपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडेल. पण ते खरं नाही. तिसऱ्या पायरीवरच ठरलं होतं.

मी म्हटलं, सर, चूक माझी आहे. फ्लास्कवर मी चुकीचा शब्द लिहिला. शिवाय गढूळपणा वाढत होता तो मला दिसला होता, आणि मी तुमच्यापासून लपवला. जात वगैरे काही सापडलेली नाही.

सरांनी पत्राची घडी घातली. कुठला शब्द, म्हणाले. मी सांगितला. ते स्वतः एकादशी कडक पाळणारे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. हसू दाबायला त्यांनी रुमाल तोंडाला लावला. म्हणाले, म्हणजे आमच्या घरी करतात तसा उपास झाला हा, रोजच्यापेक्षा दुप्पट खाऊन.

तेवढ्यात मावशी दारात आली. माझ्या मागोमाग जिना चढून आली होती, धापा टाकत. तिने मला बाजूला केलं आणि सरांना सांगितलं, पोराचा काही दोष नाही, पाणी मी घातलं, काढायचं तर मला काढा. सर म्हणाले, कुणाला काढायचं ते मग बघू, आधी पाणी किती घातलंत ते सांगा. चमचाभर, ती म्हणाली. सपाट का शीग लावून? तिने सपाट सांगितलं. सरांनी ते लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता थांबले.

"पण वरचं बुरशीचं काम तर दिवाळीपासून बंद आहे. बटाटे येतात कुठून?"

मावशी खाली बघायला लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. सरांना वाटलं, घाबरली. पण मला कळलं. मी उपास धरायला लागलो तो दिवाळीनंतर. म्हणजे फेकायच्या फोडी कधी नव्हत्याच. रोजचे बटाटे ती लालबागच्या बाजारातून पिशवीत घालून आणत होती, इथे उकडत होती, आणि मला फेकायचं आहे म्हणून सांगत होती. मी ते फेकायचंच आहे अशा तोऱ्यात खात होतो. त्याचंच उरलेलं पाणी माझ्या जिवाणूंना गेलं होतं.

सरांनी पुन्हा विचारलं नाही. ते म्हणाले, पत्र मी दुसरं लिहितो. आणि मला म्हणाले, जे चुकून झालं ते आता मुद्दाम कर. चमचाभर, अर्धा, पाव, थेंबभर. बघ, किती थोडं मिळालं तरी याला कळतं की आता परत कामाला लागायला हरकत नाही.

तेच माझं काम झालं. बटाट्याच्या पाण्याच्या जागी पुढे शुद्ध अमिनो आम्ल आलं, मापं बारीक झाली, पण प्रश्न तोच. आणि जे दिसलं ते सुंदर होतं, अजून सुंदर वाटतं. उपाशी जिवाणू हातपाय झाडत नाही. सगळ्यात खर्चिक काम कुठलं, तर नवी यंत्रं उभी करणं, ते तो आधी बंद करतो. आहे त्या यंत्रांवर भागवतो, तग धरतो. आणि थेंबभर जरी मिळालं तरी काही मिनिटांत नळीचा रंग चढायला लागतो. कमिटीने मला दोन वर्षं वाढवून दिली. मावशीला कुणी काढलं नाही. सरांनी हेडक्लार्कला काय सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही.

मी मावशीला हे सगळं समजावून सांगायला गेलो. म्हणजे माफी मागायला गेलो होतो, पण ते जमेना म्हणून विज्ञान सांगत बसलो. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, यात शोधायचं काय? सूत आलं नाही तर गिरणीवाला नवीन साचे घेईल का? मी म्हटलं, तेच तर, गिरणीत मालक आहे, इथे सूत संपलं हे कळतं कुणाला? ती म्हणाली, साच्यालाच कळतं. धोट्यातली सुताची कांडी रिकामी गेली की साचा जागच्या जागी थांबतो, आणि एक साचा थांबला की सगळ्या खात्याला ऐकू येतं. मी हसून सोडून दिलं. पुष्कळ वर्षांनी, ती गेल्यावर, मी वाचलं की होतं ते असंच. अमिनो आम्ल वाहून आणणारा आरएनए रिकाम्या हाताने यंत्रावर येतो, यंत्र अडतं, तिथूनच पेशीभर इशारा जातो, आणि नव्या यंत्रांचा आरएनए बनायचा थांबतो. ते वाचताना मी एकटाच होतो. सांगायला कुणी नव्हतं म्हणून बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं.

त्या दिवसानंतर मी फ्लास्कवर 'उपाशी' लिहायला लागलो. आणि स्वतःबद्दल दुपारी कुणी विचारलं तर, डबा नाही, एवढंच सांगायला लागलो. ते उपासापेक्षा जड होतं. मावशीचे बटाटे यायचे तसे येत राहिले, फक्त आता ती ते फेकायचे आहेत असं म्हणत नव्हती, आणि मी ते घेताना तोंड वाकडं करत नव्हतो.

बा सुटून आला तेव्हा चाळीने त्याला दादर स्टेशनवरून हार घालून आणला. तो परत साच्यावर गेला. पुढच्या आठवड्यात आयने मला डबा दिला. भाकरी आणि कांदा घालून परतलेली सुकट. दुपारी मी सगळ्यांच्या बरोबर बसलो, आणि डबा उघडून आधी मावशीपुढे सरकवला. टेबलावर बोलणं थांबलं. ती मालवणकडची, मराठ्याची, आणि डबा कुठल्या चाळीतून, कुणाच्या चुलीवरून आलाय हे तिथल्या प्रत्येकाला माहीत. आता ही नाही म्हणाली तर मी हिला दोष देणार नाही, असं मी स्वतःला बजावत होतो.

तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर सुकट घेतली आणि खायला लागली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. तिचा सोमवार असायचा. कडक. गिरणीत असल्यापासूनचा.

"मावशी, आज सोमवार आहे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "उद्या धरीन."

मग बोटं चाटून म्हणाली, सुकटीत मीठ जरा कमी आहे, आईला सांग.

घरी जाऊन मी आयला मिठाचं काही सांगितलं नाही. उद्यापासून एक भाकरी जास्त दे, एवढंच म्हटलं.